मानाच्या जागेवरचे दाजी

जगातल्या कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूनं आमच्या दाजींच्या नजरेस पडू नये. एकदा पडली की तिला सुखानं मरता येत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. विमा कचेरीत टेबलामागं बसून त्यांनी नोकरी काढली, पण खिशात पेनाच्या शेजारी स्क्रू ड्रायव्हर असायचा आणि पेनापेक्षा तोच जास्त झिजला. सिल्लोडला एका लग्नात मांडवातला उभा पंखा कुरकुरत होता. मंगलाष्टकं चालू होती, सगळे नवरानवरीकडं बघत होते आणि दाजी पंख्याकडं. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत पंख्याची पाती पंगतीच्या टेबलावर मांडून झाली होती आणि वऱ्हाड घामानं निथळत होतं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये दाजी बऱ्याच फोटोंत आहेत, पण पाठमोरे. पंखा अजून चालतो म्हणे. लग्न केव्हाच मोडलं.

दुरुस्त केलेली वस्तू परत देताना ते सोबत काडेपेटीतून चार-दोन स्क्रू देतात. "हे जास्तीचे होते," असं म्हणतात, जणू कारखान्यानंच चूक केली होती. माझा मिक्सर त्यांच्या हाताखालून गेल्यापासून एकाच वेगानं फिरतो, तोही विमान उडेल अशा. चटणीचं पीठ होतं, पण तक्रार कुणाकडं करणार? जावयाच्या हातची वस्तू. माणसांशी दाजी जेमतेम बोलतात. वस्तूंशी मात्र अहोजाहो करून बोलतात. "बसा आता, हं, असे. लई छळलंत," हे मी त्यांना मिक्सरच्या एका नटाला म्हणताना ऐकलं आहे. माझी नणंद म्हणते, मी थोडी गंजले असते तर माझ्याशीही चार शब्द बोलले असते.

आता आमच्या सासरच्या जावयाच्या मानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं जावयाला फार मान. तो आला की धुतलेली चादर निघते, पंख्याखालची जागा मोकळी होते, पहिली पोळी त्याच्या ताटात पडते आणि तिच्यावर तुपाची धार थांबायचं नाव घेत नाही. त्याच्यासमोर कुणी भांडत नाही, कुणी कुणाची टिंगल करत नाही, कुणी घरातलं दुखणंखुपणं काढत नाही. थोडक्यात, त्याच्यासमोर कुणी जगत नाही. आपण आलो की हे घर बंद पडतं, हे वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. हे घर तेवढं त्यांना उघडता आलं नाही.

माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, पाचोडला शिक्षक होते आणि त्यांना मासेमारीचं वेड होतं. त्यांच्या वडिलांनी छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडं चाकरी केली होती. साहेब जाताना त्यांना गळाच्या दोन काठ्या आणि दोरा गुंडाळायची पितळी रिळं देऊन गेला. साध्या बांबूच्या काठ्या नव्हेत. कामट्या एकमेकींना चिकटवून केलेल्या, दोरा ओवायला रेशमानं कड्या बांधलेल्या, तीन तुकड्यांत सुटणाऱ्या. मामा दर रविवारी पहाटे त्या घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जायचे, सोबत माझा नवरा. तो तेव्हा शाळेत होता. दाजी नवे जावई. शनिवारी मुक्कामाला आले की रविवारी आपल्यालाही नेतील अशी त्यांना आशा असायची. नणंद सांगते, ते रात्री पँट घालूनच झोपायचे, हाक आली की उशीर नको म्हणून. आणि पहाटे मामा अन् माझा नवरा चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता बाहेर पडायचे. जावयाची झोप मोडू नये म्हणून. दाजी डोळे उघडे ठेवून सगळं ऐकत पडलेले असायचे.

एकदा नणंदेनं धीर करून वडिलांना सुचवलं. मामा म्हणाले, "जावयाला उन्हातान्हात बसवायचं व्हय? गाव काय म्हणंल?" विषय संपला. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. वाईट असतं तर एखाद दिवशी भांडण होऊन सुटलं तरी असतं.

मामा गेले, पाचोडचं घर विकलं, आणि त्या काठ्या शहरातल्या आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटच्या माळ्यावर आल्या. माझ्या नवऱ्याला वडिलांची फार आठवण येते, पण माळ्यावर चढण्याइतकी येत नाही. मी एका दिवाळीला माळा साफ केला. रिळं हिरवी पडली होती, रेशीम उंदरांनी नेलं होतं, एक काठी कामट्या सुटून केरसुणीसारखी झाली होती. मी सगळं भंगारवाल्याच्या गाड्यावर घातलं. माळ्याला जागा लागते आणि आठवणींना लागत नाही, असं माझं मत होतं आणि आहे. नेमके दाजी फराळाला येत होते. त्यांनी गेटाशीच स्कूटर आडवी घातली, गाड्यावरून एकेक तुकडा उचलला आणि मला म्हणाले, "वैनी, ह्यांना दादांच्या हातात द्यायचं. मी करतो नीट." दादा म्हणजे माझा नवरा. वयानं लहान, पण बायकोचा भाऊ म्हणून दाजी त्याला दादाच म्हणतात.

त्यानंतर माझ्या नणंदेच्या घरात जे झालं ते तिनंच सोसावं. रॉकेल आता मिळत नाही म्हणून रिळं डिझेलात बुडवली, आणि बुडवली कशात, तर पुरणाच्या पातेल्यात. एका रिळाची आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, तुटलेली, ती गजराच्या घड्याळातून काढली. त्या घड्याळावर नणंद उठायची. कड्या बांधायला पहिल्यासारखंच हिरवं रेशीम हवं म्हणून दाजी पैठणला विणकरांकडं चकरा मारून आले, आणि कडीला उरलेल्या धाग्याशी रंग जुळतो का हे बघायला तिच्या लग्नातली पैठणी कपाटातून काढून गॅलरीत उन्हात धरून बसले. पदराचा एक धागा ओढला गेला. ती आठवडाभर बोलली नाही, आणि हे दाजींच्या लक्षात आलं नाही. क्रांती चौकात ते बारीक खिळ्यांसाठी दुकानं पालथी घालत. तिथला एक हार्डवेअरवाला त्यांना म्हणाला, "चचा, नया लेलो ना, काय कू इसके पीछू लगे?" दाजींनी काठी छातीशी धरली आणि सांगितलं, "ससुर का है." घरी आल्यावर हे त्यांनी मला फोन करून सांगितलं. एरवी ते मला फोन करत नाहीत.

रीळ फिरलं की त्याचा एक कर्रर्र आवाज व्हायचा म्हणे. तो जसाच्या तसा यायला हवा होता, आणि तो ऐकलेला जिवंत माणूस एकच, माझा नवरा. दाजी त्याला ऑफिसात फोन करून रीळ फिरवून ऐकवायचे. बारीक वाटतो का जाड? मीटिंगमधून बाहेर येऊन माझा नवरा म्हणायचा, "दाजी, कशाला एवढा त्रास करून घेता तुम्ही?" तोच मान. तेच तूप.

काम पुरं झालं ते धोंड्याच्या महिन्यात. अधिक महिना जावयाचा. त्याला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, कपडे द्यायचे, अनारसे आणि दिवा ताटात ठेवून द्यायचे. आमच्याकडं हे अगदी काटेकोर. दाजी आले ते धोतराच्या पानात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी खांद्यावर घेऊन. जेवायच्या आधीच त्यांनी ते सोडलं. मी कौतुक सहजी करत नाही, पण त्या काठ्या बघून माझाही हात थांबला. लाकूड मधासारखं झालं होतं, पितळेत खिडकी दिसत होती. माझ्या नवऱ्यानं रीळ फिरवलं, आवाज झाला, आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

दाजी त्याला म्हणाले, "मामांचं हाय. आता तुम्ही वापरा." मग जरा थांबून, जमिनीकडं बघत, "रविवारी मी मोकळाच असतो."

एवढं लांब वाक्य ते माणसांशी क्वचितच बोलतात. माझी नणंद माझ्या नवऱ्याकडं बघत होती. मीही. तेवढ्यात माझी चुलत सासू सोफ्यावरून म्हणाली, "अरे, धोंड्यात जावयाकडून घेत नसतात. त्याला द्यायचं असतं." आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात आमचं सगळं घराणं एकदम संचारलं. त्यानं डोळे पुसले, दोन्ही काठ्यांना हळदकुंकू लावलं, त्या कपड्यांच्या ताटावर आडव्या ठेवल्या, आणि ते ताट दाजींच्या हातात देऊन वाकून नमस्कार केला. "दाजी, ह्याच्यावर तुमच्यापेक्षा जास्त हक्क कुणाचा? तुमच्याकडंच राहू द्या." सगळ्यांना गहिवरून आलं. केवढं मन, म्हणाले. फोटो निघाला, घरच्या ग्रुपवर गेला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. फोटोत दाजी हसताहेत. या एकाच फोटोत त्यांचा चेहरा आहे.

रिक्षात काठ्या मावेनात. दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर काढून ते गेले.

मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की त्यांना काठ्या नको होत्या, तुझ्यासोबत यायचं होतं. तो खरोखर चकित झाला. "मग तोंडानं सांगायचं ना." आता जावयानं तोंडानं सांगितलं की ती मागणी होते, आणि मागणी करणारा जावई कसा असतो यावर याच घरात अख्ख्या दुपारी चर्चा झालेल्या मी ऐकल्या आहेत. मग तो नेऊ म्हणाला. पण तलावावर सावली नाही, दाजींना गुडघ्यांचा त्रास, बसायला नीट खुर्ची पाहिजे, एखादं विश्रामगृह बघू, जेवणाची सोय करू. मानाची तयारी पुरी होईना. मधल्या काळात तो ऑफिसच्या मित्रांबरोबर नव्या, ऑनलाइन मागवलेल्या काठीनं मासे धरून आला, आणि त्यातले सगळ्यात मोठे तुकडे तळून, डब्यात भरून मानानं दाजींकडं पाठवले.

डबा द्यायला मीच गेले होते. दाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. "दादा जाऊन आले वाटतं," म्हणाले. काठ्या हॉलमध्ये भिंतीला लावल्या होत्या आणि त्यांच्यावर हळदकुंकू तसंच होतं. त्यांनी ते पुसलं नव्हतं. ज्याला वस्तूवर धुळीचा कण खपत नाही त्या माणसानं.

मला हळवेपणा जमत नाही. मला गाडी चालवता येते. पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात हॉर्न वाजवला आणि म्हणाले, चला. दाजींनी विचारलं, दादांना विचारलं का. नाही, म्हटलं, बसा. ते आत गेले आणि इतक्या लवकर बाहेर आले की कपडे आधीच घातलेले असावेत, असा मला संशय आहे. बीड रस्त्यानं पाचोडपर्यंत ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते. मांडीवर काठ्या, एक हात रिळावर.

तलावात पाणी बेताचंच होतं. काठ इकडून तिकडं सारखाच. बाभळी, दगड, शेळ्यांच्या पायवाटा. दाजींनी कणकेचे गोळे काढले, काठी जोडली, आणि मग तिथंच उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "मामा कुठं बसायचे?"

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ओट्याशी बसून मासे साफ केले आहेत. तलावावर मला कुणी कधी नेलं नव्हतं. सुनेला नेण्याचा तर प्रश्नच कुणाला पडला नव्हता. मामा कुठं बसायचे ते माझ्या नवऱ्याला ठाऊक, आणि तो घरी पेपर वाचत होता. मी समोर बघितलं. एका बाभळीखाली बऱ्यापैकी सपाट दगड होता.

"तिथं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

दाजींनी चपला काढल्या, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, आणि त्या दगडापाशी गेले. त्याच्यावर हात फिरवून धूळ झटकली. मग दगड मोकळा सोडून ते शेजारी जमिनीवर बसले, जरा मागं सरकून, आणि पाण्याकडं बघत हलक्या आवाजात काहीतरी बोलायला लागले.