आधी गुळाचा खडा, मग 'पण'

मोबाइल फुल्ल झाला की फोटो डिलीट करता येतात, किस्से मात्र डिलीट होत नाहीत! जळगावात आमचा हौशी फोटोग्राफर मंडळींचा ग्रुप आहे. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमायचं, आपला फोटो पडद्यावर लावायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. इतक्या वर्षांत फोटो किती चांगले निघाले ते सोडा, किस्से एक नंबर निघाले.

माझं चष्म्याचं दुकान आहे. "आता दिसतं का? आणि आता?" हे विचारण्यात आयुष्य चाललंय, त्यामुळे फोटोतली चूक मला सगळ्यांच्या आधी दिसते. बढाई नाही मारत. आहे ते आहे!

*

पूर्वी आमच्याकडे फीडबॅक म्हणजे सरळ धुलाई असायची. दोन जण रुसून गेले, एकाने तर कॅमेराच विकला. मग आमच्या पाटील मॅडमनी नियम केला. टेबलावर गुळाच्या खड्यांची वाटी राहील. ज्याला बोलायचंय त्याने खडा तोंडात टाकायचा, फोटोबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची आणि मगच 'पण' म्हणायचं. दुसरा नियम, ज्याचा फोटो असेल त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं.

मॅडम स्वतः दातांच्या डॉक्टर. लोकांना गूळ चारायची आयडिया त्यांचीच! "मॅडम, धंदा वाढवताय," असं आम्ही आजही चिडवतो.

त्यांचा स्वतःचा फीडबॅकही तसाच. एकदा कुणीतरी खळखळून हसणाऱ्या आजोबांचा फोटो लावला. मॅडमनी खडा चघळत बराच वेळ पाहिला.

"हसू फार सुंदर आहे. पण डावीकडची वरची दाढ... ह्यांना सोमवारी माझ्याकडे पाठवा!"

*

एकदा मी केळीच्या बागेचा फोटो नेला होता. सकाळचं ऊन आणि पानांच्या कडांवर सोनेरी, तांबूस छटा. सगळ्यांनी गूळ खाऊन खाऊन कौतुक केलं. "काय टोन मिळालाय!" मी नियमाप्रमाणे गप्प, पण मनातून फुललेलो.

शेवटी किशोरभाऊ उठले. त्यांची स्वतःची पन्नास एकर केळी. त्यांनी खडा तोंडात टाकला.

"फोटो एकदम क्लिअर हाये," ते म्हणाले. "पन हा टोन नाही, करपा रोग हाये! कोणाची बाग हाये ही? त्याला आत्ताच्या आत्ता फोन लावा!"

लावला. बागेच्या मालकाने त्याच दिवशी फवारणी केली. माझ्या फोटोग्राफीचा कुणाला प्रत्यक्ष फायदा झाल्याचं ते एकमेव उदाहरण.

*

आता नाना. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली. गेटच्या आत कॅमेरा नेणं सक्त मना. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी पहिला कॅमेरा घेतला आणि एकच विषय धरला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का. महिन्याला एक फोटो, अंगणात खुर्चीवर बसलेल्या अक्का!

नानांची एकच इच्छा होती. आमच्या वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर अक्कांचा फोटो लागावा. तीन वर्षं त्यांचा फोटो निवडीत मागे राहिला होता आणि त्यांना ते फार लागायचं. मला एकदा म्हणाले, "जन्मभर ड्यूटी केली हो. तिच्याकडे नीट पाहिलंच नाही."

अक्कांना या इच्छेचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचं माहेर नरडाण्याकडचं, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. "भीतवर मरेल मानसेस्ना फोटो लावतस! माले जित्ती ऱ्हाऊ द्या!" भिंतीवर फोटो लागतो तो मेलेल्या माणसाचा, हे त्यांचं पक्कं मत.

*

नानांची अडचण अशी की ते कारखान्याचे माणूस. सूचना आली की तंतोतंत अंमलबजावणी!

मी म्हटलं, "नाना, अक्का छान बसल्यात, पण जरा जवळ जा." पुढच्या महिन्यात पडद्यावर फक्त अक्कांचं नाक आणि नथ.

मॅडम म्हणाल्या, "नथ सुरेख, पण मागची भिंत स्वच्छ हवी होती." नानांनी आख्ख्या अंगणाला चुना मारला!

मग मी सांगितलं, "भिंत झकास, पण अक्का अवघडल्यात. त्यांना न सांगता काढा." पुढच्या फोटोत अक्का लाटणं उगारून थेट कॅमेऱ्याकडे येत होत्या. मी खडा खाल्ला आणि म्हणालो, "लाटणं शार्प आलंय."

*

त्यानंतर प्रदर्शनाच्या निवडीची बैठक झाली. नानांचा फोटो पडद्यावर लागला. तेच अंगण, तीच पांढरी भिंत, तीच खुर्ची. पण रिकामी!

"वा!" मी खडा खायचाच विसरलो. "नाना, याला म्हणतात फोटो! फक्त ब्लॅक अँड व्हाइट करा आणि खाली नाव द्या, 'तिची जागा'." एकमताने निवड झाली. मग नानांना बोलायची परवानगी मिळाली.

"ती रुसली," नाना बारीक आवाजात म्हणाले. "म्हणे, 'तुमना दोस्त माले दर महिनाले नावं ठेवतस. आते मी बसत नही. रिकामी खुर्चीना फोटो लई जा. देखू, कोनले नावं ठेवतस!'"

आम्ही पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. फोटो भिंतीवर लागणार होता, पण त्यात अक्का नव्हत्या.

*

प्रदर्शनाच्या दिवशी मी जरा उशिरा पोचलो. बघतो तर नानांभोवती गर्दी. मला वाटलं, माझ्या सूचनांचा परिणाम!

परिणाम माझ्या सूचनांचाच होता. काळापांढरा फोटो, रिकामी खुर्ची, खाली 'तिची जागा'. हॉलच्या शिपायाने उद्घाटनातून उरलेला हार त्या फ्रेमला घातला होता आणि खाली उदबत्ती लावली होती! कारखान्यातले नानांचे जुने सोबती एकेक करून हात जोडत होते.

"नाना, वहिनी गेल्या आणि कळवलंही नाही?"

नाना तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला. "कोन मरनं?"

अक्का! हातात नानांचा डबा. त्यांनी फ्रेम पाहिली, हार पाहिला, उदबत्ती पाहिली. अक्कांनी हार ओढून काढला, कोपऱ्यातली खुर्ची सरकवून बरोबर त्या फ्रेमखाली ठेवली आणि ठाण मांडून बसल्या.

"काढा फोटो! बठ्ठा लोकेस्ले दिसू द्या, मी जित्ती शे!"

नानांनी घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो निघाला. नानांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. फोटो तिरका, पाय कापलेले, अक्कांच्या डोक्यातून फ्रेमचा कोपरा उगवलेला. मी तोंड उघडलं.

अक्कांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाटीतला खडा उचलून माझ्यापुढे धरला. "आधी गूळ!"

मी खाल्ला. पुन्हा बघितलं. अक्का रागावलेल्या होत्या, आणि राग संपता संपता नानांकडे बघून त्यांना हसू फुटलं होतं.

"नाना, यात अक्का आहेत," मी म्हणालो.

अक्का वाट बघत होत्या. "आनि पन?"

"पण काही नाही."

समोरच्या लॅबमधून तासाभरात प्रिंट फ्रेम होऊन आली. भिंतीवर जागा नव्हती. मी रिकाम्या खुर्चीची फ्रेम खाली उतरवली, नानांनी त्याच खिळ्याला नवी फ्रेम धरली आणि अक्कांकडे बघितलं.

"लावा भीतवर," अक्का म्हणाल्या. "पन हार घालू नका!"