ठकी गाडीत का बसत नसे

ठकी गेल्याला तेरा दिवस झाले आणि सूर्यकांत टिपणीसांच्या मानेवर नवीनच संकट येऊन बसलं. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकात तिच्यावर चार शब्द द्यायचे, असं सरलाताईंनी ठरवलं. म्हणजे त्यांनी सांगायचं आणि यजमानांनी लिहून घ्यायचं. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले.

"लिहा," सरलाताई म्हणाल्या. "मुनिरक्याच्या एका विद्यार्थिनीने नाल्यातून काढलेलं, मागचा पाय मोडलेलं कुत्र्याचं पिल्लू आमच्या घरी आलं."

टिपणीसांनी लिहिलं. इथवर सगळं खरं होतं.

"ठकी गाडीत आपणहून कधी बसली नाही. दार उघडलं की थरथर कापायची. आमच्याकडे येण्याआधी कुणा मेल्याने तिला गाडीतून नेऊन टाकलं असणार. त्याचं कधी भलं होणार नाही."

'कुणा मेल्याने' इथपर्यंत येऊन टिपणीसांचं पेन थांबलं. हा मेला नऊ वर्षं सरलाताईंच्या शिव्या खात होता, आणि रोज सकाळी त्यांच्याच हातचा चहाही पीत होता.

झालं होतं असं. वरच्या मजल्यावर टिपणीसांचेच साहेब राहायचे. एकदा जिन्यात ते सहज म्हणाले, "टिपणीसजी, कुत्ता बहुत बोलता है आपका." बस, एवढंच. पण बढतीची फाईल साहेबांच्या टेबलावर होती, आणि आमचे टिपणीस म्हणजे साहेब शिंकले तर स्वतःचा रुमाल शोधणारे.

दर चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाते, लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. टिपणीस मंडळाचे चिटणीस. त्या वर्षी तयारी बघायच्या निमित्ताने ते तीन दिवस आधी एकटेच गाडी घेऊन गेले, नुकत्याच घरी आलेल्या ठकीला बरोबर घेऊन. पार्किंगमध्ये तिला उतरवलं, बिस्किटांचा पुडा फोडून पुढ्यात टाकला आणि ती खात असताना गाडी काढली. आरशात ती तीन पायांवर धावताना दिसली. या माणसाने आरसा फिरवला. घरी येऊन सांगितलं, पट्टा निसटला, खूप शोधलं.

सरलाताईंनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. चौदा तारखेला बस पोचली, तर ठकी त्याच पार्किंगमध्ये, गाडी उभी होती त्याच जागी बसलेली. "यहाँ से हिली नहीं जी," चहावाला म्हणाला. टिपणीसांना बघताच ती पोट जमिनीला घासत, शेपटी हलवत आली आणि त्यांच्या बुटांवर डोकं टेकून पडली. अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. त्या वर्षीच्या अंकात फोटो आला, खाली ओळ होती, 'श्वानप्रेमी चिटणीस'. टिपणीस शरमेने अर्धमेले झाले, पण तोंड काही उघडलं नाही. बढतीही मिळाली नाही, हे जाता जाता सांगितलेलं बरं.

गेल्या महिन्यात ठकीच्या किडन्या गेल्या. डॉक्टर वसंत विहारला. गाडीजवळ नेलं की उरल्यासुरल्या बळाने ती मागे ओढायची, म्हणून टिपणीस तिला हातांवर घेऊन चालत न्यायचे. त्यांचं वय अठ्ठावन्न, तिचं वजन अठरा किलो. शेवटच्या दिवशी अर्ध्या वाटेतच ती गेली. गाडीने दहा मिनिटं लागली असती. कॉलनी म्हणाली, काय माया हो या माणसाची. टिपणीसांना ते ऐकवेना.

"थांबलात का?" सरलाताईंनी विचारलं. "लिहा ना पुढे, कुणा मेल्याने..."

"तो मीच," टिपणीस म्हणाले. "आपल्याकडे येण्याआधीचं नाही ते. पट्टा निसटला नव्हता, सरला. मीच तिला पानिपतला सोडून आलो होतो. साहेबांना घाबरून."

सरलाताईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि लिहिलेलं वाचलं. शिव्या आल्या असत्या तर टिपणीसांना हायसं वाटलं असतं.

"त्या दिवशी वाटेत गेली, तेव्हा तिला कळत होतं, कोण उचलून नेतंय ते?"

"हो. हात चाटत होती माझा."

सरलाताईंनी पदराने डोळे पुसले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "मग नाव घालून लिहा."

टिपणीसांनी 'आमच्याकडे येण्याआधी कुणा मेल्याने' खोडलं आणि तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. 'त्याचं कधी भलं होणार नाही' हे पुढचं वाक्य ठेवायचं का, असं विचारायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी ते तसंच लिहून काढलं.