नगरभवनामागचे मास्तर

मास्तर म्हणजे शिंपी. नगरभवनामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन मशिनं आणि कापायचं टेबल मावलं की गिऱ्हाईक उंबऱ्यावरच. नगरभवनात दर हिवाळ्यात स्नूकरची मोठी स्पर्धा भरायची, देशोदेशीचे खेळाडू यायचे. एके वर्षी त्यांतलाच एक जण धावतपळत दुकानात शिरला. डाव्या हाताने खेळायचा म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणत. सामना तोंडावर आलेला आणि जाकीट बगलेत उसवलेलं.

मास्तरांनी सुई ओवली आणि थांबले.

"याचं माप उभ्याने घेतलंय. तुम्ही खेळता वाकून. जरा वाका बघू."

डावऱ्या टेबलावर ओणवा झाला. मास्तरांनी त्याच्या पाठीवरून टेप फिरवली आणि बगलेत तिकोनी तुकडा जोडून दिला. त्या संध्याकाळी डावऱ्या जिंकला. दुसऱ्या दिवशी खेळाडू दुकानापुढे रांगेत उभे. जिंकण्याचा आणि जाकिटाचा काही संबंध नाही, असं मास्तर परोपरीने सांगत होते, पण ऐकतो कोण?

तेव्हापासून थंडी पडली की मास्तर बाकीची कामं घेईनासे झाले. एकदा सख्ख्या मेव्हण्याचा लग्नाचा सूट मागे पडला. तो पुढे वर्षभर बोलला नाही. खेळाडूंच्या पाहुण्यांत मास्तरांना खुर्ची मिळायची. चेंडू कुठे जातो यापेक्षा शिवण कुठे ओढते, इकडेच त्यांचं सगळं लक्ष. बायकोला न्यायचं मात्र राहून जायचं. कधी मुलीची परीक्षा, कधी घरात आजारपण. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणत वर्षं गेली.

मग ते पुढचं वर्ष आलंच नाही. पैसा पुरवणाऱ्या कंपनीने हात आखडता घेतला, टीव्हीवाले दुसऱ्या खेळाच्या मागे गेले, आणि एका हिवाळ्यात भिंतींवर पत्रकं लागलीच नाहीत. मास्तरांनी सवयीने काळं सॅटिन आणून ठेवलं होतं. ते पडून राहिलेलं पाहून बायकोने शेवटी त्याचे उशांचे अभ्रे शिवले. डोकं घसरतं, अशी कुरकुर करत मास्तर त्यांवरच झोपायचे.

गेल्या वर्षी वाट वाकडी करून डावऱ्या भेटायला आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. चहा झाल्यावर त्याला नगरभवन बघावंसं वाटलं. मास्तर चपला घालता घालता थांबले आणि आत वळून म्हणाले, "अगं, तूही चल."

नगरभवनात आता फर्निचरचं दुकान होतं. खेळाचं टेबल नेमकं कुठे होतं, यावर दोघांचा थोडा वाद झाला. अखेर एका मोठ्या सोफ्यापाशी एकमत झालं. डावऱ्याने बाईंना त्यावर बसवलं आणि शेवटच्या वर्षीचा अंतिम सामना सांगायला घेतला. पांढरा चेंडू इथे, काळा तिथे, असं दाखवत तो खुर्च्यांमधून फिरत होता. विक्रेत्याने दोनदा किंमत सांगून पाहिली, मग तोही तिपाईवर टेकला.

"मग जिंकलं कोण?" बाईंनी विचारलं.

"मी नाही," डावऱ्या हसत म्हणाला. "सोपा चेंडू होता. चुकला."

 बाई पदर सावरून उठत म्हणाल्या, "जेवूनच जा आता. आणि अहो, यांना तो चेंडू पुन्हा एकदा सांगू द्या. मला नीट कळला नाही."

डावऱ्याने तो पुन्हा सांगितला. मास्तर सोफ्याच्या हातावर टेकून ऐकत होते.