माझा विषय

गावाहून काकांचा फोन आला की बाबा गॅलरीत जाऊन अहिराणीत बोलतात. आवाज मोठा होतो, हात हलू लागतात. आमच्याशी मात्र ते जपून, शहरी मराठीत बोलतात. आजही मी काचेआडून बघत होते.

मी स्थलांतराची अभ्यासक. गाव सुटताना काय वाटलं, हे अनोळखी माणसांना विचारत फिरते. सकाळीच बाबा म्हणाले होते, "मग आमच्यासारख्यांनाही विचारत असशील?"

"नाही बाबा, माझा विषय हंगामापुरतं जाऊन परतणाऱ्यांचा."

"हां. आम्ही तर कायमचेच आलो."

फोन संपला तरी ते गॅलरीतच उभे होते. सकाळच्या माझ्या उत्तराची मला फार लाज वाटत होती. तरी दार सरकवलं.

"काय म्हणत होते काका?"

"तुझ्या विषयातलं नाही गं," ते हसून म्हणाले. आमच्या मराठीत.