नानासरांचा शनिवार

हुशार पोर घरात बसलेलं नानासरांना बघवत नसे. सोनगीरच्या आमच्या शाळेत स्कॉलरशिपचा वर्ग त्यांच्याकडे होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की आम्हाला एस.टी.त कोंबून ते धुळ्याला न्यायचे. कधी छापखाना, कधी कोर्ट, कधी गुरांचा दवाखाना. "डॉक्टर आणि मास्तर सोडून दुनियेत दुसरं काहीच नाही का रे?" म्हणत आम्हाला प्रश्न विचारायला लावायचे. जो गप्प राही त्याला परतीच्या गाडीत शेजारी बसवून घ्यायचे. मग त्याची धडगत नसे.

आईबाप कुरकुरत. त्यांना सर म्हणत, "पोरगं हुशार शे, हे तुम्हाला कळलं. कशात हुशार शे, ते त्याला तर कळू द्या!" माझ्या वडिलांना दहावीनंतर मी किराणा दुकानावर हवा होतो. सरांनी आमच्या ओट्यावर ठाण मांडलं, चहावर चहा झाले. शेवटी वडीलच हात जोडून म्हणाले, "न्या बुवा एकदाचा!" म्हणून मी शिकलो.

सरांची मुलगी सुमन माझ्याच वर्गात, आणि आम्हा सगळ्यांत हुशार. एकदा कालव्याची मोजणी चालली होती, तिथे सरांनी आम्हाला नेलं. तिपाईवरच्या दुर्बिणीला सुमनने डोळा लावला तो काढेचना. तिथल्या साहेबाला तिने विचारून विचारून भंडावून सोडलं. परतताना म्हणाली, "नाना, मी हेच करणार." काय छाती फुगली होती सरांची! भेटेल त्याला सांगत सुटले होते.

बारावीच्या वर्षी तिला चोपड्याचं स्थळ आलं. केळीचे मळे, एकुलता मुलगा. सरांच्या थोरल्या भावाने, आबांनी, परस्पर सुपारी फोडली. दुसऱ्यांच्या ओट्यावर तासन्‌तास भांडणारा हा माणूस आबांपुढे मान खाली घालून उभा राहिला. मला अजून राग येतो त्याचा. सुमनचं शिक्षण तिथेच थांबलं.

बऱ्याच वर्षांनी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी सरांकडे गेलो. सुमन लेकीला घेऊन माहेरी आली होती. पोर चौथीतली, चुणचुणीत. सर रिटायर झालेले, पण हौस तीच. चपला घालून म्हणाले, "चल गं, तुला धरण दाखवतो."

"नको, नाना," सुमन शांतपणे म्हणाली. "पुढे पाठवायची हिंमत असेल तरच दाखवावं. नाहीतर फार जीव जळतो."

सर आता वाद घालतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी चपला काढल्या, ओट्यावर बसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लोकेस्ना पोरेस्ले जग दखाडं मी. मन्ही पोर तेवढी ऱ्हाई गई."