मारलं न्हाय, हाणलं

बारामती-इंदापूरच्या कोर्टांत मला नवऱ्यांचा वकील म्हणतात. बायकोनं घरगुती हिंसाचाराचा अर्ज टाकला, की नोटीस हातात घेऊन नवरा, सासू, दीर असं अख्खं घर माझाच जिना चढतं. चढू दे. वकील त्यांनाही लागतोच. पणदऱ्याच्या द्वारकाबाईंना, वेगळ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या चुलतसासूला, नुसत्या रागापोटी अर्जात ओढलं होतं. त्यांना मी सोडवलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण हे सांगतोय ते सारजाक्काचं, आणि ते मान खाली घालूनच सांगावं लागतं.

सारजाक्का आमच्या कळसची. तिचा बाप म्हस्कूआबा मेंढरं राखायचा, माझे वडील शाळेत गुरुजी. ओढ्याला पाणी आलं, की माझ्याहून चार वर्षांनी मोठी असलेली ही पोरगी मला कडेवर घेऊन पलीकडं सोडायची आणि वर गावभर सांगायची, गुरुजींचा रमाकांत लई भितरा हाय म्हणून. पुढं मेंढरं गेली, आबा गेले, आक्का शेळगावला दादासोच्या घरी नांदायला गेली. चार म्हशींच्या धारा, डेअरीला दूध घालणं, वैरणकाडी, खुरपणी, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. दादासोला काम एकच, पारावर बसून तालुक्याचं राजकारण सोडवायचं. घरी आला की तोंड सुटायचं, मग हात.

तिनं सव्वीस वर्षं काढली. गेल्या वर्षी त्यानं पाण्याच्या पाइपानं अशी मारहाण केली, की तिचा उजवा कान गेला. आठ दिवस ती दवाखान्यातसुद्धा गेली नाही. म्हशी कोण बघणार?

दादासो नोटीस घेऊन माझ्याकडं आला. अर्जात 'माहेर कळस' वाचलं आणि मी ओळखलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा, दुसरीकडं जा. तसं म्हणालो नाही. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि काय झालं ते खरं खरं सांगा म्हणालो.

“देवाच्यान साहेब, मारली न्हाय,” दादासो म्हणाला. “हाणली फकस्त.”

शहरातला वकील हसला असता. मी कळसचा. आमच्याकडं कोंबडी मारतात, साप मारतात. मारलं म्हणजे जीव गेला. बैलाला हाणतात, बाईला हाणतात. दादासो त्याच्या परीनं खरंच बोलत होता, आणि मला तिथंच केस सापडली. लाज वाटायची सोडून मी मनात खूश झालो.

आक्काचं मागणं केवढं होतं? तिला सोडचिठ्ठी नको होती, पोटगी नको होती. दादासोनं तिच्या अंगाला हात लावू नये आणि तिला घरातून काढू नये, एवढाच हुकूम पाहिजे होता. तिची वकील स्वरदा पुण्यात वाढलेली, कष्टाळू पोरगी. तिनं शपथपत्र नेटकं लिहिलं होतं. 'मारहाण' हा शब्द त्यात सात ठिकाणी होता, मी मोजलं होतं.

उलटतपासाच्या दिवशी इंदापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आक्का समोर आली. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. तुम्ही त्यांच्या बाजूचे असलात तरी विचारणारा आपल्या गावचा आहे, आपलं बोलणं तरी समजंल, असं म्हणाली. मी हसलो आणि आत गेलो.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. ऐकू यावं म्हणून डावा कान माझ्याकडं केला होता. ते मी पाहिलं. इतर साक्षीदारांशी मी पुस्तकी मराठीत बोलतो. त्या दिवशी तिच्याशी गावचं बोललो.

“आक्का, दादासोनं तुमाला मारलं का? व्हय का न्हाय, येवढंच सांगा.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की गावचा असून हा काय येड्यासारखं विचारतोय.

“न्हाय. मारलं असतं तर हितं उभी कशी ऱ्हायले असते? हाण–”

“बास,” मी म्हणालो आणि न्यायाधीश साहेबांकडं वळलो. “‘नवऱ्याने मारले नाही’ एवढं नोंदवावं.”

नोंदवलं गेलं. आक्कानं पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. गावचा भाऊ बास म्हणतोय म्हणजे त्याला समजलं, असंच तिला वाटलं असणार. स्वरदाचं तोंड उतरलं. बाई फुटली, अशी तिची समजूत झाली आणि तिनं फेरतपास घेतलाच नाही, आपल्या साक्षीदाराला पुन्हा काही विचारलंच नाही. एक प्रश्न विचारला असता तरी माझा सगळा डाव उलटला असता. मी खाली बघून कागद लावत बसलो.

अर्ज फेटाळला. दादासो पेढे घेऊन आला. शेळगावात पारावर आता नवा विनोद निघालाय म्हणाला, मारलं न्हाय, हाणलं. एवढं सांगून तो पोट धरून हसला. मी पेढा घेतला. खाल्लासुद्धा. त्याच आठवड्यात त्यानं आक्काचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं. ती कळसला भावाच्या पडवीत राहायला आली. तिच्या हातच्या चार म्हशी शेळगावातच राहिल्या.

पंधरा दिवसांनी सकाळच्या एसटीनं ती बारामतीला माझ्या ऑफिसात आली. खुर्चीच्या कडेला बसली आणि डावा कान पुढं केला.

“भाऊ, वरच्या कोर्टात जायचं हाय. माजं वकीलपत्र तुमीच घ्या. दुसऱ्याला ‘हाणलं’ म्हंजी काय ते समजून सांगावं लागतंया. तुमाला न्हाय.”

तिला अजून माझ्यावर राग नव्हता. चूक आपल्याच बोलण्याची झाली, असं ती धरून चालली होती. मी तिला कायदा सांगितला. एकदा दादासोचं वकीलपत्र घेतलं, आता तुमचं घेता येत नाही. दुसऱ्या एका चांगल्या वकिलाचा नंबर कागदावर लिहून तिच्यापुढं सरकवला. तिनं कागदाकडं बघितलं नाही. माझ्याच तोंडाकडं बघत होती.

“मंग येक सांगा. त्या दिशी तुमाला कळलं हुतं का, मी काय म्हनत हुते त्ये?”

मी म्हणालो, आक्का, त्याचं असं असतं, वकिलाला आपल्या पक्षकाराचं...

“व्हय का न्हाय,” ती म्हणाली. “येवढंच सांगा.”

ते शब्द माझेच होते. समोर साहेब नव्हते, नोंदवणारं कुणी नव्हतं. खोटं बोललो असतो तर पचलं असतं.

“व्हय,” मी म्हणालो.

“बास.”

तिनं पिशवी उचलली, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरून गेली. नंबरचा कागद टेबलावर तसाच राहिला.