वेस्टचं भूत

माझी लेक मैत्रिणींसोबत जुने, स्वस्तातले सिनेमे लॅपटॉपवर शोधून बघते. एकाच सिनेमात भूत, कराटे आणि आरतीसुद्धा. त्या हसून लोळतात. काल स्क्रीनवर एक केसाळ भूत आलं आणि मी थेट लहानपणी हाच सिनेमा बघितलेल्या लालबागच्या थिएटरात, बाबांच्या शेजारी जाऊन बसले.

गिरणी बंद झाल्यापासून बाबा हसले नव्हते. त्या दिवशी भुताचे केस बघून हसले. "ह्यो तर आमच्या खात्यातलो वेस्ट गो," म्हणाले. यंत्राखाली पडणारा, हात पुसायचा सुताचा गुंता त्या नटाच्या अंगभर चिकटवला होता.

शेवटी नायकाने भुताला मशाल लावली आणि बाबा ताडकन उभे राहिले. खात्यात ठिणगी दिसली की सगळे असेच बादल्यांकडे धावायचे. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, घाबरलात काय?" अख्खं थिएटर हसलं.

बाबा हळूच खाली बसले. "जळांदे," म्हणाले, "आता आपला थंय काय रवला?"

काल ते भूत पेटलं, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, घाबरलीस?" लेकीने हसत विचारलं.

मी हो म्हटलं.